कूपनलिकेचे पाणी उकळल्याने फ्लोराइड जाते का?

शिरपूरकडील आपल्या गावात कूपनलिकेचे पाणी पिणाऱ्या मुलांच्या दातांवर तपकिरी पट्टे आले आहेत, तेव्हा पाणी उकळून प्यावे का, असे आपण विचारले आहे. असे पट्टे पाण्यात विरघळलेल्या फ्लोराइड या क्षारामुळे येऊ शकतात; उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही. पाणी आटते तसे त्याचे प्रमाण उलट वाढते.

भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरमागे 1 मिलिग्रॅम फ्लोराइड स्वीकारार्ह असून, दुसरा स्रोत नसल्यास 1.5 ही कमाल मर्यादा आहे. दात घडत असताना, म्हणजे साधारण आठव्या वर्षापर्यंत, जास्त फ्लोराइड पोटात गेले की दातांवर आधी खडूसारख्या पांढऱ्या रेषा उमटतात, पुढे आडवे पिवळे-तपकिरी पट्टे येतात, आणि ते कितीही घासले तरी निघत नाहीत. हाडांचे दुखणे मात्र वर्षानुवर्षे साचत जाते: मान, पाठ व सांधे आखडतात. घरातील वडीलधाऱ्यांना हनुवटी छातीला टेकवता येत नसेल, तर डॉक्टरांना पाण्याबद्दल आवर्जून सांगावे, कारण हे दुखणे सहज संधिवातात खपून जाते.

आधी जिल्ह्यातील भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत पाणी तपासून घ्यावे. प्रमाण जास्त निघाल्यास मुलांचे पिण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी त्याच दिवसापासून बदलावे; आरओ किंवा सक्रिय ॲल्युमिनाचा (फ्लोराइड धरून ठेवणाऱ्या दाण्यांचा) फिल्टर उपयोगी पडतो, साधा कँडल फिल्टर नाही.