कर्नलचा बग पुन्हा घडवायला व्हर्च्युअल मशीन कसं उभारायचं? आणि तिथे आलेला बग खरा मानतात का?

प्रश्नकर्त्याकडे ८ जीबी रॅमचा लॅपटॉप आहे. सिझबॉट, म्हणजे लिनक्स कर्नलमधले (ऑपरेटिंग सिस्टमच्या गाभ्यातले) बग आपोआप शोधणारी यंत्रणा, तिच्या यादीतला एखादा बग घरी घडवून बघायचाय, पण त्यासाठी डॉकर, व्हर्च्युअलबॉक्स की क्यूईएमयू, कोणतं साधन घ्यायचं हे ठरत नाहीये. त्यात कुणीतरी सांगून ठेवलंय की व्हीएममध्ये (व्हर्च्युअल मशीनमध्ये) आलेल्या बगाला काही अर्थ नसतो, खऱ्या मशीनवर दाखवला तरच तो बग. हे शेवटचं वाक्य वाचलं आणि मी लिहायला बसले.

आधी निवड. डॉकर विसरा. ते कंटेनर चालवतं, आणि कंटेनरला स्वतःचा कर्नल नसतोच, तो तुमच्या लॅपटॉपचा कर्नल वापरतो. म्हणजे हवी ती आवृत्ती चालवता येणार नाही, आणि बग आलाच तर अख्खा लॅपटॉप बसेल. व्हर्च्युअलबॉक्स चालतं, पण दर वेळी नवा कर्नल आत नेऊन बसवा, बूटलोडरला कळवा, रीबूट करा, यातच संध्याकाळ होते. क्यूईएमयू हा अख्ख्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्राम, त्याला बाहेर कंपाइल केलेली बीझेडइमेज (कर्नलची तयार फाइल) थेट हातात देता येते. काही सेकंदांत बूट, आणि सीरियल कन्सोलचं सगळं आउटपुट तुमच्या टर्मिनलमध्ये. डिस्क स्नॅपशॉट मोडमध्ये ठेवली की मशीन कितीही वेळा आपटलं तरी इमेज जशीच्या तशी राहते. रूट फाइलसिस्टमसाठी सिझकॉलरसोबत (सिझबॉट ज्यावर चालतो ते बग शोधणारं साधन) डेबियनची छोटी इमेज बनवणारी स्क्रिप्ट येते, तीच वापरा.

कर्नल कंपाइल करताना कॅसान (मेमरीच्या चुका पकडणारं), डिबग इन्फो आणि प्रूव्ह लॉकिंग (लॉकच्या चुका पकडणारं) हे तिन्ही चालू पाहिजेत. कॅसान मुख्य शाखेत आलं ४.० मध्ये, म्हणजे २०१५ साली. तरी आजही लोक ते बंद ठेवून बग शोधतात आणि मग 'काही सापडत नाही' म्हणतात. कॅसान नसेल तर सोडून दिलेल्या मेमरीला कुणी हात लावला हे त्या क्षणी कळतच नाही. भलत्याच फंक्शनमध्ये, भलत्याच वेळी मशीन लटकतं. माझ्या बाबतीत नेमकं हेच चाललं होतं.

मी नागपूरच्या एका छोट्या कंपनीत होते. आमची पेटी म्हणजे दोन कोरचा एक बोर्ड, त्यावर लिनक्स, आणि यूएसबीला लावलेला सीरियल कन्व्हर्टर. वीजमीटर आणि तापमानाचे आकडे गोळा करून पाठवायचं काम. कळमना भागातल्या शीतगृहांत अशा पेट्या बसवल्या होत्या. उन्हाळा लागला की तक्रारी सुरू व्हायच्या: पेटी लटकली, बंद करून चालू केली की ठीक. आमच्या वरिष्ठांचं निदान ठरलेलं. "मॅडम, नागपूरचा मे आहे, पंचेचाळीसच्या वर पारा जाऊन राहिला, बोर्ड तापतो." मग मोठा हीटसिंक लावा, पंखा लावा, पेटी भिंतीच्या सावलीकडे सरकवा. प्रत्येक वर्षी थोडा खर्च, आणि तक्रारी तेवढ्याच.

मला ते पटत नव्हतं, त्याला कारण होतं. साठवून ठेवलेल्या लॉगमध्ये लटकण्याच्या आधी जवळजवळ दर वेळी यूएसबी कन्व्हर्टर सुटून परत जोडला गेल्याची नोंद दिसायची. दुपारी शहरभर कूलर लागतात, शीतगृहाचे कॉम्प्रेसरही जोरात असतात, व्होल्टेज खाली-वर होतं आणि कन्व्हर्टर क्षणभर मरतो. म्हणजे उन्हाचा संबंध होता, पण बोर्ड तापण्याशी नव्हता. उन्हाळ्यात कन्व्हर्टर सुटण्याचे प्रसंग वाढत होते, आणि सुटल्यावर चालणारा कोड आम्हीच लिहिलेल्या ड्रायव्हरमध्ये होता.

हे तोंडी सांगून कुणी ऐकत नाही. म्हणून मी व्हीएम उभारलं. आमचा कन्व्हर्टर एफटीडीआय चिपचा होता, आणि क्यूईएमयूमध्ये त्याच चिपची नक्कल करणारं यूएसबी-सीरियल उपकरण तयारच मिळतं. क्यूईएमयूच्या मॉनिटरमधून ते चालू मशीनला जोडता येतं आणि काढताही येतं. मी एक साधी स्क्रिप्ट लिहिली: जोड, थोडं थांब, काढ, पुन्हा जोड. प्रत्यक्ष पेटीवर जे उन्हाळाभर मिळून घडेल ते इथे एका रात्रीत घडवता येतं. आणि हे सगळं डिसेंबरात केलं, अंगावर शाल घेऊन, म्हणजे तापण्याचा प्रश्नच नको.

सकाळी कन्सोलवर कॅसानचा अहवाल होता: यूज-आफ्टर-फ्री, म्हणजे सोडून दिलेली मेमरी वापरली. कॅसानची खरी किंमत या अहवालात आहे. मेमरीला हात कुणी लावला, ती मुळात कुठे घेतली होती आणि कुठे सोडली, तिन्हींचे कॉलस्टॅक (कोणत्या फंक्शनने कोणाला बोलावलं त्याची यादी) एकाखाली एक मिळतात. आमच्या ड्रायव्हरमध्ये ठरावीक वेळाने मीटर वाचणारा टायमर होता. उपकरण सुटलं की डिस्कनेक्ट फंक्शन 'डेल टायमर' म्हणायचं आणि लगेच ती स्ट्रक्चर सोडून द्यायचं. पण 'डेल टायमर' दुसऱ्या कोरवर आधीच चालू झालेल्या हँडलरसाठी (टायमर वाजल्यावर चालणाऱ्या फंक्शनसाठी) थांबत नाही. हँडलर तिकडे अर्ध्यात, इकडे मेमरी गेलेली. तिथे 'डेल टायमर सिंक' हवं होतं. (नव्या कर्नलमध्ये ही नावं बदलली आहेत, आणि मेमरी सोडण्याआधी टायमर पुन्हा लागूच नये यासाठी कर्नल ६.२ पासून 'टायमर शटडाउन सिंक' आहे. नवा कोड लिहीत असाल तर तेच घ्या.)

मग मी व्हीएमला एकच कोर दिला. बग गायब. दोन दिले, बग हजर. हँडलरमध्ये काही मिलीसेकंदांचा डिले घातला, तर रात्रभर वाट बघायचीही गरज राहिली नाही, चहा होईपर्यंत अहवाल आला.

हे घेऊन बैठकीत गेले. उत्तर मिळालं: "हे व्हीएम आहे. आणि डिले तर तुम्हीच घातला, मग बगही तुम्हीच बनवला." या वाक्याचं उत्तर मला तेव्हा शांतपणे देता आलं नाही, म्हणून इथे देते. डिले घातल्याने रेस, म्हणजे कोण आधी पोचतो यावर अवलंबून असलेली चूक, तयार होत नाही. दोन कोरांच्या मध्ये जी फट आधीपासून आहे ती रुंद होते, एवढंच. फट नसती तर तासभराचा डिले घालूनही काही झालं नसतं. पटत नसेल तर 'सिंक' वापरून तोच डिले ठेवा आणि चालवा. मी चालवलं, अहवाल आला नाही. आणि पहिला अहवाल तर डिलेशिवायच आला होता.

व्हीएम खोटं म्हणणाऱ्यांनी सिझबॉट कसा चालतो ते बघावं. २०१७ पासून तो सतत व्हर्च्युअल मशीनमध्येच कर्नल आपटतोय, आणि त्यातून निघालेले हजारो बग मुख्य शाखेत दुरुस्त झालेत. कर्नलचे मेंटेनर त्या अहवालांवर पॅच लिहितात, 'खऱ्या मशीनवर दाखवा' म्हणत बसत नाहीत. 'ही रेस फक्त कागदावरची आहे' या समजुतीचं काय होतं ते डर्टी काऊ या कर्नलमधल्या सुरक्षा-बगाने दाखवलंच आहे. लिनक्सचा जनक लिनस टोरवाल्ड्सने स्वतः ती अकरा वर्षं आधी एकदा बुजवायचा प्रयत्न केला होता, तो पॅच मागे घ्यावा लागला, आणि २०१६ मध्ये तीच फट लोकांच्या मशीनवर हल्ल्यासाठी वापरली जाताना सापडली. डर्टी पाइप या दुसऱ्या कर्नल-बगाचंही बघा. २०२१ मध्ये तक्रार होती फक्त बिघडलेल्या लॉग फायलींची. मॅक्स केलरमानने शेवटी ती घटना काही ओळींच्या दोन प्रोग्रामपर्यंत आणून ठेवली, तेव्हा दोष कर्नलचा हे सिद्ध झालं. मागितल्यावर पुन्हा घडतो तो पुरावा. तो कुठे घडला हा प्रश्न नंतरचा.

आमच्याकडे दुरुस्ती पेट्यांवर गेली, पण 'फर्मवेअर अद्ययावत केलं आणि पंखा बदलला' अशा नावाने. पुढच्या उन्हाळ्यात त्या पेट्यांच्या तक्रारी आल्या नाहीत आणि श्रेय पंख्याला मिळालं. जुन्याच फर्मवेअरवर राहिलेल्या पेट्यांनाही नवा पंखा लागला होता आणि त्या मात्र लटकत राहिल्या, हे मी लेखी दिलंय. त्या कागदाचं पुढे काय केलं हे त्यांनाच विचारा.

म्हणून तुम्हाला सांगते, कुणाला दाखवायच्या आधी कर्नलची कमिट (कोडची नेमकी आवृत्ती), कॉन्फिगची फाइल, कंपायलरची आवृत्ती आणि क्यूईएमयूची पूर्ण कमांड एका फोल्डरमध्ये ठेवा. सिझबॉटच्या अहवालात पहिल्या तिन्ही गोष्टी दिलेल्या असतात, कॉन्फिग त्यांचंच घ्या, आपल्या मनाचं नको. सी रिप्रोड्यूसर (बग पुन्हा घडवणारा छोटा सी प्रोग्राम) दिला असेल तर तो आधी चालवा. नसेल तर सिझकॉलरमधल्या सिझ-एक्झेकप्रोगला मूळ लॉग देऊन न थांबता फिरवत ठेवा. स्टॅकमधले पत्ते वाचायला कर्नलच्याच स्क्रिप्ट्स फोल्डरमधली डिकोड-स्टॅकट्रेस वापरा. जुना कर्नल नव्या जीसीसीने कंपाइल होत नाही, तिथे जुन्या डेबियनचा कंटेनर घ्या. डॉकरचा या कामात एवढाच उपयोग.

व्हीएममध्ये सगळं घडतं असं मात्र नाही. खऱ्या कार्डाचा डीएमए (कार्डाने थेट मेमरीत वाचणं-लिहिणं), ग्राफिक्स, फर्मवेअर, लॅपटॉप झोपून उठतानाचे बग, यांना खरंच लोखंड, म्हणजे खरं हार्डवेअर लागतं. आणि केव्हीएमशिवाय (प्रोसेसरच्या मदतीने व्हीएम वेगात चालवणारी लिनक्सची सोय), नुसत्या एम्युलेशनवर चालवलंत तर वेळेचं गणित इतकं बदलतं की रेस दिसेलच याची खात्री नाही.

८ जीबीचं म्हणाल तर पुरतं. व्हीएमला २ जीबी आणि दोन कोर द्या. कॅसान त्यातला आठवा भाग आपल्या नोंदींसाठी घेतं आणि मशीन दुप्पट-तिप्पट हळू होतं, ते चालवून घ्यायचं. कंपाइलसाठी डिस्कवर पंधरा-वीस जीबी मोकळी ठेवा, डिबग इन्फो जागा खातं. 'डेव्ह' फोल्डरमध्ये केव्हीएम दिसत नसेल तर बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन बंद असेल, ते आधी चालू करा.