पहिली आरटीए: स्वस्तात काय बघून घ्यावी

या महिन्यात ई-सिगारेट या एकाच विषयावर पाच पत्रं आली. चार जहाजावर किंवा आखातात असलेल्यांची, एक घरी असलेल्या आईचं. भारतात ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण आणि जाहिरात २०१९ च्या कायद्याने बंद आहे. त्यामुळे खाली कुठल्याही कंपनीचं, मॉडेलचं किंवा दुकानाचं नाव मिळणार नाही. ही वस्तू जिथे कायदेशीर आहे तिथे राहून सिगारेट सोडू पाहणाऱ्या प्रौढांसाठी ही उत्तरं आहेत. ज्याला सिगारेटचं व्यसनच नाही त्याने या भानगडीत पडू नये. वाफेतही निकोटिन असतं आणि ते तितकंच चिकटतं.

प्रश्न: मी दाभोळचा. साउदॅम्प्टनला नेहमी लागणाऱ्या जहाजावर मोटरमन आहे. दिवसाला बारा-पंधरा सिगारेटी होत्या, आता वाफ ओढतो. तयार कॉइल सारख्या बदलून खिसा रिकामा होतो. सोबतचे म्हणतात आरटीए घे, कॉइल स्वतः बांध. २५ पौंडांत नवशिक्याने कसली घ्यावी?

उत्तर: आरटीए म्हणजे रिबिल्डेबल टँक ॲटमायझर. वर काचेची टाकी, खाली डेक, म्हणजे कॉइल बसवायचा तळ. डेकवर दोन खांब, खांबांत तारेची कॉइल, कॉइलमधून ओवलेली कापसाची वात. वात द्रव वर ओढते, तार तापते, वाफ होते. घासलेटच्या दिव्याला वात कातरून बसवलेली ज्याने पाहिली आहे त्याला अर्धं काम आधीच येतं.

२५ पौंडांत बरी टाकी मिळते, पण निवड डेक बघून करा, रंग-नक्षी बघून नाही. एका कॉइलचाच डेक घ्या. दोन कॉइलच्या डेकमध्ये दोन्ही तारा तंतोतंत सारख्या लागतात, नाहीतर एक लाल होते आणि दुसरी थंड राहते. खांबांतली तार कडेच्या स्क्रूने दाबली जाते की वरच्या, ते पाहा. नवख्या हाताला कडेचा स्क्रू सोपा, कारण तारेचे पाय सरळ आत सरकतात. स्क्रूचं डोकं खोल कापलेलं हवं. स्वस्त मालाचं पहिलं मरण तिथेच असतं. मऊ धातूची खाच दोन महिन्यांत गोल होते आणि मग टाकी चांगली असूनही निकामी.

तुम्ही सिगारेटवरून आला आहात, म्हणजे वाफ आधी तोंडात आणि मग छातीत घेण्याची सवय आहे. याला दुकानात एमटीएल म्हणतात. त्यासाठी हवेचं भोक बारीक लागतं, साधारण ०.८ ते १.५ मिलिमीटर. खालची कडी फिरवून ते कमी-जास्त करता आलं पाहिजे. मोठ्या भोकाची, ढगासारखा धूर सोडणारी टाकी स्वस्तात दिसली तरी घेऊ नका. तिला जास्त वॅट, जास्त द्रव आणि जास्त ताकदीची बॅटरी लागते, आणि तिथेच वाचवलेले पैसे जातात.

द्रव वरून भरता येणारी घ्या. टाकी २ मिलीचीच दिसेल. ब्रिटनमध्ये मर्यादाच तेवढी आहे, निकोटिन मिलीला २० मिलिग्रॅमपर्यंत आणि बाटली १० मिलीची. डब्यात जादा काच, जादा रबरी कड्या आणि छोटा पेचकस आहे का ते पाहा. जहाजावर काच फुटली तर पुढच्या बंदरापर्यंत थांबावं लागतं. दुकानातच झाकण तीन-चार वेळा उघडून लावा. आटे खरखरले किंवा तिरके बसले तर तो नग बाजूला ठेवा. महाग टाक्यांच्या नकला याच जागी उघड्या पडतात.

आणि सगळे २५ पौंड टाकीवर घालू नका. टाकी ज्यावर बसते ते बॅटरीचं उपकरण, वॅट बसवता येणारं आणि शॉर्ट झालं तर आपणहून बंद होणारं, नसेल तर आधी ते घ्या. मित्राचा साधा धातूचा नळकांडा, म्हणजे मेकॅनिकल मॉड, फुकट मिळाला तरी नको. त्यात तार आणि बॅटरी यांच्या मध्ये कसलीच राखण नसते. ०.२ ओहमची कॉइल लावून ४.२ व्होल्टची भरलेली बॅटरी जोडली की २१ ॲम्पिअर खेचले जातात, आणि या उपकरणांत चालणाऱ्या १८६५० मापाच्या बऱ्याच बॅटऱ्यांची झेप तेवढी नसते.

प्रश्न: टाकी घेतली. तार, कापूस, चिमटा समोर आहे. पहिली कॉइल कशी बांधायची? ओहमचा हिशेब कळत नाही. — रत्नागिरीचा वाचक, सध्या शारजा

उत्तर: आधी पाच मिनिटं गरम पाण्यात भांड्याच्या साबणाने सगळे भाग धुवा, साध्या पाण्यात खळबळा आणि वाळवा. नव्या टाकीला कारखान्याचं तेल असतं.

तार कँथल या मिश्रधातूची, २८ गेज, म्हणजे ०.३२ मिलिमीटर जाडीची. विजेला तिचा विरोध मीटरला सुमारे १८ ओहम. २.५ मिलिमीटरच्या सळईवर किंवा ड्रिल बिटाच्या पाठीवर सहा वेढे घ्या. वेढ्यांत साधारण ५३ मिलिमीटर तार जाते, पायांत १० धरा. ६३ मिलिमीटर तारेचे १.१ ओहम होतात. पाच वेढ्यांत १ ओहमच्या जवळ, सात वेढ्यांत १.३. एमटीएलला हे तिन्ही चालतात. निकेल आणि टायटेनियमची तार फक्त तापमान-नियंत्रणासाठी असते. ती नवशिक्याने घेऊच नये, आणि टायटेनियम कोरडं लाल करायचं नाही.

सळई आतच ठेवून पाय खांबांत घाला आणि स्क्रू आवळा. जोर मोजून. ०.३२ची तार फार दाबली तर तिथेच तुटते. वेढे अशा दिशेने घ्या की स्क्रू फिरताना पाय आत ओढला जाईल, बाहेर ढकलला जाणार नाही. कॉइल हवेच्या भोकाच्या बरोबर वर, त्यापासून मिलिमीटरभर उंच. आता सळई काढा आणि उरलेले पाय खांबाला लागून कापा. कापताना राहिलेलं एक टोक वरच्या घंटेला, म्हणजे कॉइलवर बसणाऱ्या धातूच्या टोपीला टेकलं की शॉर्ट.

उपकरणावर ओहम वाचा. आकडा वर-खाली नाचत असेल तर स्क्रू सैल. ०.१ च्या आत दिसला तर कुठेतरी धातूला धातू लागला आहे. नीट असेल तर १० वॅटवर एकेक सेकंद बटण दाबा, मधे थांबा. कॉइल आतून बाहेर लाल व्हायला हवी. एखादा वेढाच आधी तापला तर थंड झाल्यावर सिरॅमिक टोकाच्या चिमट्याने वेढे हलके खरवडा, जवळ दाबा आणि परत पाहा. हे सगळं कापूस घालण्याच्या आधी.

मग वात. आता हा भाग घाई करण्याचा नाही, कारण नवशिक्याच्या दहातल्या नऊ तक्रारी वातीच्या असतात. कापूस रसायनाने पांढरा न केलेला. पट्टी इतकी जाड की कॉइलमधून ओढताना जरा अडेल, पण कॉइल जागची हलणार नाही. दोन्ही टोकं डेकच्या तळापर्यंत पोहोचतील एवढीच ठेवून कातरा. टोकं फणीने किंवा सुईने पिंजून मधल्यापेक्षा पातळ करा आणि डेकमध्ये द्रव आत येण्यासाठी असलेल्या खाचांवर नुसती ठेवा, कोंबू नका. खाच झाकली पाहिजे, बुजली नाही पाहिजे. कॉइलवर आणि टोकांवर थेंब थेंब द्रव सोडून वात पूर्ण भिजवा. टाकी भरून पाच-दहा मिनिटं उभी ठेवा. सुरुवात ८ वॅटवर, मग अर्ध्या-अर्ध्या वॅटने वर. १.१ ओहमला १० ते १४ वॅटमध्ये चव सापडते.

प्रश्न: कधी घशात करपट ठसका, कधी हवेच्या भोकातून गळती. इंजिन रूममध्ये तर खिसाच भिजतो. — हर्णै

उत्तर: ठसका म्हणजे वात सुकली. कापूस जास्त किंवा खाचांत कोंबलेला, द्रव दाट, नाहीतर झुरके लागोपाठ. द्रव व्हीजी (व्हेजिटेबल ग्लिसरीन, दाट) आणि पीजी (प्रोपिलीन ग्लायकॉल, पातळ) यांचा असतो. ७० टक्के व्हीजीचा द्रव बारीक खाचांतून हळू उतरतो. एमटीएलसाठी निम्मं-निम्मं, म्हणजे ५० पीजी, ५० व्हीजी घ्या. करपलेली वात पुन्हा चालू होत नाही, ती फेकाच.

गळतीचं कारण उलटं: कापूस कमी, किंवा टोकं खाचेपर्यंत पोहोचलीच नाहीत. गुळगुळ आवाज आला की टाकी उलटी धरून चिमणीत, म्हणजे वाफ वर येते त्या नळीत टिश्यू घाला, मग वात तपासा. भरताना हवेची कडी बंद, झाकण लावून झाल्यावर उघडी. त्यानेही गळली तर तळाची रबरी कडी चिरली आहे का पाहा. तिच्यासाठीच जादा कड्या बघून घ्यायला सांगितलं होतं.

इंजिन रूमची गोष्ट वेगळी. उष्णतेने द्रव पातळ होतो आणि टाकीतली हवा फुगून त्याला वातीतून ढकलते. विमानात हवेचा दाब उतरला की तेच होतं. ड्यूटीला जाताना टाकी केबिनमध्ये उभी ठेवा. टँकरवर असाल तर हे उपकरण कार्गो डेकवर नेऊच नका. ठिणगीपासून सुरक्षित म्हणून प्रमाणित नसलेल्या कोणत्याही विद्युत उपकरणाला तिथे मज्जाव असतो, मोबाइललाही. आणि जहाज सिंगापूरला लागणार असेल तर तिथे जवळ बाळगणंही गुन्हा आहे.

गोड, गडद रंगाच्या द्रवाने कॉइलवर काळी कड जमते. आठवड्याला वात बदला. कॉइल कोरडी लाल करून, थंड झाल्यावर पाण्यात ब्रशने घासून तीन-चार वेळा वापरता येते.

प्रश्न: द्रव संपला तर घरचं खोबरेल किंवा नीलगिरी तेल दोन थेंब घालून चालेल का? सर्दीत तर नीलगिरीची वाफ घेतोच. — मालवण

उत्तर: नाही. एक थेंबही नाही. पातेल्यातल्या पाण्यावर नीलगिरी घातली की तिचा गंध वाफेबरोबर येतो. तापलेल्या तारेवर खोबरेल टाकलं की तेलाचे कण फुप्फुसात जाऊन बसतात. फुप्फुसाला ते बाहेर काढता येत नाहीत, आणि तेलामुळे होणाऱ्या न्यूमोनियाला अँटिबायोटिकने उतार पडत नाही. अमेरिकेत २०१९ मध्ये वाफ ओढणाऱ्या दोन हजारांहून जास्त जणांना रुग्णालयात नेणाऱ्या फुप्फुसाच्या आजारामागे मुख्यतः गांजाच्या द्रवात मिसळलेलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट, म्हणजे तेलकटच पदार्थ, आढळला होता. पीजी आणि व्हीजी पाण्यात मिसळतात, तेल नाही. फरक तिथे आहे.

प्रश्न: मुलगा पुढच्या महिन्यात दुबईहून सुट्टीवर येतोय. ती वाफेची डबी सोबत आणणार म्हणतो, "स्वतःपुरतीच आहे, आई." घरात सात वर्षांचा नातू आहे. ठेवू द्यावी का? — देवगड

उत्तर: आणू देऊ नका. स्वतःपुरती एक आणायची सवलत कायद्यात नाही. आयातीला पहिल्या वेळी एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि साठवणुकीला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. डबी, टाकी, द्रव सगळं तिकडेच ठेवून निघायला सांगा. नातवाचं म्हणाल तर भीती डबीपेक्षा बाटलीची जास्त. निकोटिनचा द्रव गोड वासाचा असतो आणि लहान मुलाला थोडासाही पोटात गेला तर विष आहे.

सुट्टीच्या दिवसांत तो पुन्हा सिगारेटकडे वळेल ही चिंता खरी. त्यासाठी औषधाच्या दुकानात निकोटिनचं २ मिलिग्रॅमचं च्युइंगगम मिळतं. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली सिगारेट पेटवणाऱ्याला ४ मिलिग्रॅमचं लागतं, ते डॉक्टरांना विचारून. साध्या गमसारखं चघळत राहिलं तर उचकी आणि मळमळ येते. हळू चावायचं, जिभेला झिणझिणी आली की गाल आणि हिरडीच्या मध्ये दाबून ठेवायचं, झिणझिणी गेली की पुन्हा चावायचं, असं अर्धा तास. आंबट पदार्थांनी तोंडातून निकोटिन नीट शोषलं जात नाही. म्हणून गमच्या आधी पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असेपर्यंत सोलकढी, कोकम सरबत, चहा नको. जेवणानंतरची सोलकढी पिऊन लगेच गम घेतला तर तो फुकट गेला समजा. तंबाखू सोडण्यासाठी सरकारची मोफत मदतवाहिनी १८००-११२-३५६ आहे. फोन मात्र त्याने स्वतः करावा.