पैशाचा अभ्यास आणि सट्ट्याची भीती

सप्रेम नमस्कार,

आपली कन्या बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी ‘पैसा आणि वित्तीय बाजार’ हा विषय घेऊ इच्छिते. पतसंस्थेत लिपिक म्हणून काम करताना सट्ट्यापायी बुडालेली घरे आपण पाहिली असल्याने तिला होकार द्यावा की नाही, असे आपण विचारले आहे. आपली भीती अनाठायी नाही, परंतु ती या विषयाला लागू पडत नाही.

कोणता शेअर घ्यावा, हे या वर्गात शिकवले जात नाही. रिझर्व्ह बँकेने रेपो दर, म्हणजे ती बँकांना ज्या दराने अल्पमुदतीचे कर्ज देते तो दर, बदलला की त्याचा परिणाम गृहकर्जाच्या हप्त्यापर्यंत कसा पोहोचतो, किंवा महागाई ४ टक्क्यांच्या आसपास राखण्याचे काम हा दर ठरवणारी ६ सदस्यांची पतधोरण समिती कशी करते, हा त्याचा गाभा आहे. एक उदाहरण देतो. सरकार अल्पमुदतीचे कर्ज उभारण्यासाठी ९१ दिवसांची ट्रेझरी बिले विकते. त्यांवर वेगळे व्याज नसते. १०० रुपयांचे बिल समजा ९८ रुपये ३५ पैशांना घेतले, तर मुदत संपताच पूर्ण १०० रुपये मिळतात. १ रुपया ६५ पैशांचा हा फरक वर्षाच्या हिशेबात मांडला की परतावा सुमारे ६.७३ टक्के निघतो. बिल स्वस्त झाले की हाच परतावा वाढतो. किंमत आणि परतावा यांचे हे उलटे नाते मुलांच्या गळी लवकर उतरत नाही. आपण एखाद्या संध्याकाळी मुदत ठेवीची पावती शेजारी ठेवून तिच्याकडून हा हिशेब करून घ्यावा. आपल्याइतका चांगला शिक्षक तिला सहज मिळणार नाही.

मला काळजी वेगळीच वाटते. दहावीनंतर तिने गणित सोडले, असे आपण ओझरते लिहिले आहे. रिझर्व्ह बँकेत अधिकारी होण्यासाठीच्या ‘ग्रेड बी’ परीक्षेला कोणत्याही शाखेचा पदवीधर बसू शकतो, पण पुण्याच्या गोखले संस्थेसारख्या ठिकाणी अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी घ्यायची झाल्यास गणित आणि सांख्यिकी टाळता येत नाही. बाजारातच नोकरी करावी असे तिला पुढे वाटले, तर शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने स्थापन केलेल्या एनआयएसएम या प्रशिक्षण संस्थेच्या प्रमाणपत्र परीक्षा शिक्षण सांभाळून देता येतात. पंधरा दिवसांत कमाई शिकवणाऱ्या क्लासला मात्र एक रुपयाही देऊ नये.

तेव्हा विषयाला होकार द्यावा, आणि अर्ज भरण्यापूर्वी सांख्यिकीचा पेपर जोडीला घेता येतो का, हे तिला महाविद्यालयात विचारून यायला सांगावे.