भूकंपाची यादी वाचताय? आधी खोली बघा

भूकंपांची नोंदवही सुरू केलीत, छान! पण नुसत्या तीव्रतेच्या आकड्यावर जाऊ नका, शेजारचा खोलीचा रकाना आधी बघा, म्हणजे भूकंप जमिनीखाली किती किमीवर सुरू झाला ते.

- ७० किमीपर्यंत उथळ, ३०० पर्यंत मध्यम, त्याखाली ७०० पर्यंत खोल. सध्या एवढंच पाठ करा.
- नाभी म्हणजे भूकंप जिथे सुरू होतो ती जागा, जमिनीखाली. अपिकेंद्र तिच्या बरोबर वर, जमिनीवर. इथे सगळेच गोंधळतात, मीही गोंधळलो होतो.
- खोली नेमकी ‘१० किमी’ दिसली की सावध! बऱ्याचदा ती मोजलेली नसते, गृहीत धरलेली असते.

१९९३चा किल्लारीचा धक्का ६.२चा, पण अगदी उथळ. गावंच्या गावं भुईसपाट झाली. २०१३चा रशियाच्या पूर्वेकडच्या ओखोट्स्क समुद्राखालचा ८.३चा, सुमारे ६०० किमी खोल. पार मॉस्कोपर्यंत जाणवला, पडझड मात्र किरकोळ. या दोन नोंदी शेजारी-शेजारी लिहा. लहरींची गणितं नंतर बघू.