डिकी लांब पाहिजे, पेट्रोल कमी पाहिजे

प्रश्न : नमस्कार दादा. आम्ही राजारामपुरीत राहतो. बायकोचा घरगुती कांदा-लसूण मसाल्याचा धंदा आहे, आता जरा वाढलाय, आठवड्यातनं दोनदा इचलकरंजी नि सांगलीला पोती-डबे पोचवायला लागतात, शिवाय आईवडील सोबत असतात, म्हणून सेडान नको आणि पिकअप पण नको. महिन्याला साधारण ७५० किमी होतात. बजेट साडेचार लाख. मला लहानपणापासनं स्टेशन वॅगनचं वेड आहे (मामाची होती), आणि परवा एक २००३ ची मारुतीची बलेनो अल्टुरा बघितली, रंग एकदम ओरिजिनल, मालक म्हणतोय इंजिन बटर आहे. घरचे म्हणतात मारुतीची अर्टिगा बघ, मित्र म्हणतो होंडाची मोबिलिओ. पेट्रोलच पाहिजे, इंजिन दमदार नको पण दगा न देणारं आणि खर्चात बसणारं पाहिजे. काय करू?
— एक वाचक, राजारामपुरी

उत्तर : पहिल्यांदा तुमच्या वेडाबद्दल बोलू, कारण ते मलाही आहे. आपल्याकडं वॅगन कधी चाललीच नाही. अल्टुरा आली, इंडिगो मरिना आली, कोर्सा स्विंग आली, ऑक्टाव्हिया कॉम्बी आली, सगळ्या येऊन गेल्या, लोकांनी बघितल्या आणि सेडान घेतली. डिकी गाडीच्या पोटात मिसळलेली असली की आपल्या माणसाला ती गाडी मालवाहू वाटते, त्याला काय करणार. त्यामुळं आज 'लांब डिकीची जुनी पेट्रोल गाडी' शोधायला निघालात की एकतर वीस वर्षं जुन्या खऱ्या वॅगन सापडतात, नाहीतर सात सीटच्या गाड्या, ज्यांची मागची रांग पाडली की वॅगनच होते. तुमच्या बायकोच्या पोत्यांना त्यातला फरक कळणार नाही.

अल्टुराचं इंजिन वाईट नव्हतं हो. १५९० सीसी, चार सिलिंडर, १६ व्हॉल्व्ह, त्या काळात हायवेला लई सुंदर पळायची. पण त्याला टायमिंग बेल्ट (व्हॉल्व्ह वेळेवर उघडायला लावणारा रबरी पट्टा) आहे, चेन नाही. बेल्ट शेवटचा कधी बदलला हे मालकाला सांगता आलं नाही तर तो बदललेलाच नाही असं धरायचं आणि घेतल्या दिवशी टेन्शनरसकट नवा टाकायचा. गावात १०-११ च्या वर मायलेज देणार नाही. आणि २००३ चं मॉडेल म्हणजे १५ वर्षं २०१८ लाच संपली, त्यानंतर दर पाच वर्षांनी फिटनेस, रिन्यूअल, ग्रीन टॅक्स. एप्रिल २०२२ मध्ये कारच्या रिन्यूअलची फी ६०० वरनं एकदम ५००० झाली तेव्हापासनं जुन्या गाड्यांचे मालक एकदम उदार झालेत, 'घेऊन जा, किमतीचं बघू' म्हणतात, ते का ते समजून घ्या. घरात दुसरी गाडी असती तर मी स्वतः तुमच्याबरोबर आलो असतो बघायला. दर आठवड्याच्या डिलिव्हरीला नको.

आता इंजिन. लोक मला विचारतात कुठलं इंजिन चांगलं, मी विचारतो तुमचा मेस्त्री कोण. उगाच म्हणत नाही. माझ्याकडं काही वर्षांपूर्वी एक टर्बो पेट्रोल गाडी होती, कंपनीचं नाव घेत नाही, चालवायला नाद खुळा. पावसाळ्यात गगनबावड्याच्या पुढं करूळ घाटात टेम्परेचरचा काटा वर गेला, बॉनेट उघडलं तर थर्मोस्टॅटचं प्लॅस्टिकचं हाउसिंग शिवणीवर तडकलेलं, कूलंट सगळं खाली. गाडी टो करून आणली, पार्टची ऑर्डर दिली, २३ दिवस झाले तरी पार्ट आला नाही. शेवटी उद्यमनगरातल्या एका लेथवाल्यानं तडकलेलं हाउसिंग समोर ठेवून ॲल्युमिनियमच्या तुकड्यातनं दीड दिवसात नवं काढलं, ओ-रिंगची खाच सुद्धा बरोब्बर. ते शेवटपर्यंत गळलं नाही. या गावात भारतभरच्या इंजिनांचे ब्लॉक नि हेड ओतले जातात, त्यामुळं कास्टिंगचं काही झालं तर आपली माणसं निभावून नेतात. पण सेन्सर, हाय प्रेशर पंप, टर्बोचा ॲक्च्युएटर लेथवर निघत नाही. म्हणून जुनी गाडी घेताना साधं, बिनटर्बोचं, पोर्ट इंजेक्शनचं (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये नाही, अलीकडं हवेच्या वाटेत फवारणारं) इंजिन घ्या, जे गल्लीतल्या मेस्त्रीनं शंभरदा उघडलंय.

तुमच्यासाठी अशी दोन आहेत.

एक, पहिल्या पिढीच्या अर्टिगाचं १३७३ सीसी के-सिरीज. गाडी एप्रिल २०१२ ला आली आणि हे इंजिन २०१८ पर्यंत चाललं, हेच सियाझमध्ये पण होतं. टायमिंग चेन आहे, वेळेवर ऑइल बदललं असेल तर चेनला हात लावायला लागत नाही. ऑइल लांबवलं असेल तर सकाळी थंड इंजिन सुरू करताना पुढच्या बाजूनं दोन-तीन सेकंद खळखळ ऐकू येते, आली तर किंमत पाडा नाहीतर चालू पडा. पार्ट कुठंही मिळतात.

दुसरं, मोबिलिओचं १४९७ सीसी आय-व्हीटेक, ११९ पीएस. मित्राचं बरोबर आहे, इंजिन म्हणून हे सरस आहे, मऊ आणि टिकाऊ. गाडी २०१४ ते २०१७ एवढीच विकली गेली म्हणून लोक घाबरतात, पण तेच इंजिन त्या काळातल्या सिटीत आहे नि बीआर-व्हीत आहे, त्यामुळं इंजिनचे पार्ट अडत नाहीत. अडतं ते मागचं टेललॅम्प, डिकीचं दार असलं काहीतरी. या इंजिनाला व्हॉल्व्हचं क्लिअरन्स (म्हणजे बारीक फट, मेस्त्री त्याला टॅपेट म्हणतात) हातानं सेट करायला लागतं, आपोआप होत नाही, आणि गाडी गॅसवर चालली असेल तर ते लवकर बिघडतं. कुणी कधी टॅपेट सेट केलेत का विचारा, बहुतेक वेळा समोरचा गप्प बसतो. मोबिलिओत अजून एक, बिनएअरबॅगचं बेस मॉडेल घेऊ नका. २०१६ च्या ग्लोबल एनकॅपच्या क्रॅश टेस्टमध्ये त्याला शून्य स्टार मिळाले होते आणि दोन एअरबॅगवाल्याला तीन. आईवडील बसणार आहेत गाडीत.

डिकीचं सांगतो. तिसरी रांग उभी असताना अर्टिगात १३५ लिटर, म्हणजे दोन बॅगा, मोबिलिओत २२३. रांग पाडली की दोन्हीत तुमची पोती मावतात, मोबिलिओत जरा ऐसपैस.

मायलेजचं कागदावर अर्टिगा १६.०२ आणि मोबिलिओ १७.३. हे पुण्यात एआरएआय या गाड्या तपासणाऱ्या संस्थेच्या रोलरवर मोजलेले आकडे, तिथं एसी नसतो नि तावडे हॉटेलचा सिग्नल पण नसतो. दोन्ही गाड्या सरासरी १५ देतील असं धरा. तुमचं वर्षाचं रनिंग ९००० किमी, म्हणजे ६०० लिटर. समजा कुणी तुम्हाला १८ देणारी गाडी दाखवली तर ५०० लिटर. फरक १०० लिटर, लिटरला १०५ धरले तर साडेदहा हजार, वर्षाला. एक क्लच प्लेट नि मजुरी झाली की गेला तो फरक. अल्टुरा मात्र ११ नं ८१८ लिटर पिणार, तिथं वर्षाला २२-२३ हजार जादा जातात, ते जाणवतं. म्हणजे १५ नि १८ मध्ये भांडू नका, ११ ला टाळा, एवढंच.

सीएनजी किट टाकून देतो म्हणून डीलर मागं लागेल. तुमच्या बाबतीत नको. साठ लिटरचा सिलिंडर डिकीत बसला की ज्या कारणासाठी गाडी घेताय तेच कारण संपलं, पोती काय छतावर बांधणार? शिवाय दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाची तपासणी. ज्याचं महिन्याला दोन-अडीच हजार किमी होतं त्यानं घ्यावं. आणि कुठल्याही गाडीत किट दिसलं तर आरसी बुकावर त्याची नोंद आहे का बघा, नसेल तर ती डोकेदुखी तुमच्या नावावर येते.

मी असतो तर २०१४ ते १६ ची पेट्रोल अर्टिगा, एका हाताची, आपल्या कोल्हापूरच्या एमएच-०९ पासिंगची. टॅक्सीची पिवळी पाटी पांढरी करून घेतलेली नको, ते आरसीच्या इतिहासात कळतं. एक नंबरची मोबिलिओ सापडली तर तीही सोडणार नाही.

आणि बघायला जाताना हे विसरू नका, हे कोल्हापूर आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ ला पंचगंगा कुठवर आली होती ते तुम्ही डोळ्यानं बघितलंय, शिरोलीजवळ हायवे बंद होता. त्या पाण्यात उभ्या असलेल्या गाड्या धुऊन पुसून, दोन-तीन हात फिरून परत बाजारात आल्यात. इंजिन सुरू होतं म्हणून समाधान मानू नका. सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढा, अगदी टोकापर्यंत, तिथं वरचा पट्टा स्वच्छ नि खालचा मातकट अशी रेघ दिसली की कळलं. स्टेपनी उचलून खालच्या खड्ड्यात बोट फिरवा, नदीचा गाळ बारीक असतो, पिठासारखा, कितीही धुतला तरी कोपऱ्यात राहतो. सीटचे रूळ गंजलेत का तेही बघा. पाणी ओढलेल्या इंजिनाचा कनेक्टिंग रॉड किंचित वाकलेला असू शकतो आणि तो सहा महिने चालतो सुद्धा, मग एक दिवस नाही. म्हणून पाचशे-सातशे रुपये देऊन चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन तपासून घ्या. आकडा साधारण सारखा पाहिजे. तीन सिलिंडर १३ बारच्या आसपास नि एक १० दाखवत असेल तर चहा प्या नि घरी या.

प्रश्न : माझं २०१६ ची होंडा जॅझ पेट्रोल घ्यायचं चाललंय. मागच्या सीटचं बूड वर दुमडतं, उंच कुंड्या उभ्या राहतात (माझी छोटी नर्सरी आहे). पण सगळे म्हणतात इथेनॉलच्या पेट्रोलनं जुनं इंजिन खराब होतं. घेऊ का नको?
— एक वाचक, कागल

उत्तर : ताई, घ्या. ती सीट दुमडते कारण पेट्रोलची टाकी पुढच्या सीटखाली आहे, मागची जमीन सपाट राहते, कुंड्यांना याहून सोयीची छोटी गाडी नाही. फक्त ही सीट सगळ्या व्हेरिएंटला नाही, जी गाडी घ्याल तिची स्वतः दुमडून बघा. ११९९ सीसी इंजिन, पळायला जरा मंद, बाकी तक्रार नाही.

इथेनॉलचं म्हणाल तर गंमत बघा, ऊस आपला, कारखाने आपले, आणि टाकीत गेल्यावर कुरकुर पण आपलीच. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा ऊर्जा साधारण एक तृतीयांश कमी, त्यामुळं मायलेज थोडं घटणारच. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात ई-१० साठी (दहा टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी) जुळवलेल्या चारचाकीला ई-२० वर (वीस टक्क्यांच्या) ६ ते ७ टक्के घट धरली होती. म्हणजे १६ देणारी गाडी १५ देईल. इंजिन जळून जातं वगैरे काही नाही, पण एप्रिल २०२३ च्या आधीच्या गाड्यांच्या रबरी नळ्या नि सील ई-२० डोळ्यासमोर ठेवून केलेल्या नसतात. गाडी घेतल्यावर फ्यूएल लाइनच्या नळ्या एकदा मेस्त्रीला दाखवा, कडक झाल्या किंवा फुगल्या असतील तर बदला, स्वस्तात होतं. आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, तेव्हा पावसाळ्यात गाडी महिनोन्‌महिने अर्ध्या टाकीवर उभी ठेवू नका. तुमची तशी राहणारच नाही म्हणा, कुंड्या पोचवायच्यात.

प्रश्न : डीलर म्हणतोय गाडीचं इंजिन नुकतंच नवीन बांधलंय, त्यामुळं ४० हजार जादा. फायदा का तोटा?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : कुणी बांधलं, कुठं बांधलं, बोअर करून (सिलिंडर आतनं कापून मोठे करून) ओव्हरसाइज पिस्टन टाकले का नुसत्या रिंगा बदलल्या, बिल दाखवा म्हणावं. नीट सांभाळलेलं साधं पेट्रोल इंजिन दोन लाख किमीच्या आत उघडायची वेळ येत नाही, मग या गाडीवर ती का आली हा खरा प्रश्न. तापवलं होतं का, ऑइल संपलं होतं का, का पुरात होतं? बिल नसेल तर ४० हजार जादा सोडा, ४० हजार कमी करा म्हणा, आणि तोंड बघा त्याचं.