आयरिश लोकसंगीत ऐकायला कोणत्या अल्बमपासून सुरुवात करावी?

एकच नाव सांगायचं तर प्लँक्स्टी या गटाचा 1973 सालचा पहिला अल्बम. त्याचं नावही 'प्लँक्स्टी'च आहे. मुखपृष्ठ काळंभोर असल्यामुळे चाहते त्याला 'ब्लॅक अल्बम' म्हणतात.

तुम्ही लिहिलंय की लहानपणापासून हिंदुस्थानी संगीत ऐकत आलात, आणि आयरिश वादन ऐकलं की सगळ्या चाली सारख्याच वाटतात, कुठे सुरू झालं आणि कुठे संपलं तेच कळत नाही. ही अडचण खरी आहे, आणि नेमकी तीच डोळ्यासमोर ठेवून मी हा अल्बम सुचवतोय. यात वाजवणारे चौघंच आहेत. प्रत्येकाचं वाद्य वेगळं ऐकू येतं. शिवाय गाणी आणि नुसतं वादन आलटून पालटून येतं, त्यामुळे कान थकत नाही.

आधी बांधणी समजून घ्या. बहुतेक आयरिश नृत्यचालींचे दोन भाग असतात, प्रत्येक भाग आठ मापांचा (माप म्हणजे तालाचं एक छोटं आवर्तन). पहिला भाग दोनदा, मग दुसरा दोनदा. दुसरा सहसा वरच्या सुरांत चढतो. अशी अख्खी चाल दोन-तीनदा वाजली की न थांबता दुसरी चाल सुरू होते. जिग आणि रील हे नृत्यचालींचे दोन प्रकार. जिग सहा मात्रांच्या लयीत, दादऱ्यासारखी तीन-तीनमध्ये मोडणारी. रील चारच्या सरळ धावत्या लयीत. आपल्यासारखा विस्तार इथे नाही. चाल ठरलेली, कलाकाराचं कर्तृत्व तिच्यातल्या कणांत, मुरक्यांत आणि लयीच्या झोकात. अल्बममध्ये 'ज्युनियर क्रेहन्स फेव्हरिट' आणि 'कॉर्नी इज कमिंग' अशा दोन रील जोडून वाजवल्या आहेत. बोटांवर मोजत ऐका आणि एकीतून दुसरीत जाण्याची जागा पकडा. ती जागा एकदा सापडली की पुढच्या वेळी तुम्ही तिची वाट बघायला लागाल, आणि 'सगळं सारखंच' ही भावना तिथेच विरायला लागते.

आता माणसं. गायक क्रिस्टी मूर याने 1971 मध्ये किल्डेअर परगण्यातल्या प्रॉस्परस नावाच्या गावी काही मित्रांना जमवून एक अल्बम रेकॉर्ड केला. गावाचंच नाव त्याला दिलं. त्या बैठकीतून हा गट जन्मला: मूर, अँडी अर्विन, डोनल लनी आणि पाइप्सवादक लियम ओ'फ्लिन. पहिल्या अल्बमचं रेकॉर्डिंग 1972 मध्ये लंडनला झालं, निर्माता फिल कोल्टर.

पहिलंच गाणं 'रॅगल टॅगल जिप्सी'. घरदार, नवरा, मऊ बिछाना सगळं सोडून जिप्सींबरोबर निघून गेलेल्या एका श्रीमंत बाईची ही जुनी कथा. मूरला ते मिळालं जॉन रायली या गायकाकडून. रायली आयर्लंडच्या भटक्या समाजातला, रॉसकॉमन परगण्यात बॉयल इथे राहणारा. टॉम मनेली या संग्राहकाने साठच्या दशकात त्याची गाणी टेप केली. 1969 मध्ये रायली गेला. ती टेप झाली नसती तर त्याच्या तोंडची ही गाणी त्याच्याबरोबरच गेली असती. म्हणून हे गाणं मी कधी नुसतं 'सुरुवातीचं' म्हणून ऐकत नाही.

गाणं संपतं तिथे वाद्यं थांबत नाहीत. लय बदलते आणि 'तूर दम दो लॉव्ह' ही सुमारे चारशे वर्षांपूर्वीची चाल उमलते. ती रचणारा रुअरी दॉल ओ कॅहन हा अंध हार्पवादक. लोकगीत आणि दरबारी हार्पसंगीत हे दोन वेगळे प्रवाह होते. या चौघांनी ते सांधाही दिसू न देता जोडले. अल्बमची सारी ताकद मला या जोडात दिसते. हा भाग हेडफोन लावूनच ऐका.

ओ'फ्लिनच्या इलन पाइप्सना, म्हणजे आयरिश बॅगपाइपला, वेगळा वेळ द्या. हे वाद्य तोंडाने फुंकत नाहीत. उजव्या कोपराखाली भाता बांधलेला असतो, त्याने डाव्या काखेतली पिशवी भरत राहायची आणि पिशवी दाबून हवा सोडायची. बोटांखाली मुख्य नळी, दोन सप्तकांची. तिचं टोक मांडीवर टेकवलं की आवाज क्षणभर तुटतो, म्हणून सलग सुरांबरोबर सुटे, टोकदार सूरही काढता येतात. शेजारी तीन नळ्या एकाच स्वराच्या सप्तकांत अखंड षड्ज धरतात. तंबोऱ्यावर वाढलेल्या आपल्या कानाला हे वाद्य लगेच आपलंसं वाटतं, त्याचं कारण हेच. आणखी तीन नळ्यांना चाव्या असतात; त्या मनगटाच्या कडेने दाबून साथीचे स्वर काढायचे, तेही बोटं चाल वाजवत असतानाच. ओ'फ्लिन हे सगळं लिओ राउसम या नामांकित वादकाकडे शिकला. 'शी व्हेग, शी व्होर' ही संथ चाल लावा. टर्लो ओ'कॅरोलन (1670–1738) याची ही पहिली रचना मानतात. देवीच्या रोगामुळे तरुणपणीच दृष्टी गेलेला हा हार्पवादक घोड्यावरून गावोगाव फिरायचा आणि आश्रयदात्यांच्या नावाने चाली बांधायचा. अशा चालींना प्लँक्स्टी म्हणतात. गटाचं नाव तिथूनच आलं.

दुसरी लक्ष देण्याची गोष्ट म्हणजे लनीचं बुझुकी आणि अर्विनचं मँडोलिन. बुझुकी हे लांब मानेचं तंतुवाद्य मूळचं ग्रीक. साठच्या दशकाच्या मध्यात जॉनी मॉयनिहनने ते आयरिश संगीतात आणलं. इथे त्यावर कॉर्डचा नुसता रट्टा नाही. गायकाची ओळ चालू असताना बुझुकी खालून एक धागा विणतं, मँडोलिन वरून दुसरा, आणि ओळ संपते तिथे दोन्ही एकमेकांत गुंततात. 'आर्थर मॅकब्राइड'मध्ये हे फार स्वच्छ ऐकू येतं. सकाळी समुद्रकाठी दोन चुलतभावांना सैन्यभरती करणारा सार्जंट गाठतो, ते नकार देतात आणि पुढे मारामारी होते. अर्विन हे सगळं आवाज न चढवता सांगतो, त्यामुळेच ते जास्त भिडतं.

'फॉलो मी अप टू कार्लो' 1580 सालच्या ग्लेनमल्युरच्या लढाईभोवतीचं, तडफदार. 'ओन्ली अवर रिव्हर्स' मिकी मॅककॉनलने लिहिलेलं; उत्तर आयर्लंडच्या संघर्षातल्या सर्वांत रक्तरंजित वर्षी, 1972 मध्ये, ते गाताना मूरच्या आवाजात जे दुःख आहे ते बनवून आणता येत नाही.

शेवटचं 'द ब्लॅकस्मिथ' मात्र नीट ऐका. गाणं मूळ इंग्लंडचं. अर्विन साठच्या दशकाच्या अखेरीस बाल्कन देशांत भटकून आला होता. गाण्यानंतरच्या वादनात तिकडचा रंग स्पष्ट उतरलाय. त्या देशांत सात मात्रांची 3-2-2 अशी चाल सर्रास चालते, म्हणजे आपला रूपकच. तेव्हा हा माणूस पुढे बल्गेरियन तालांच्या इतका नादी लागला याचं तुम्हाला नवल वाटणार नाही.

'सेल्टिक' असं लिहिलेले झोपेसाठीचे संग्रह मात्र तूर्त बाजूला ठेवा. त्यांत पाइप्सवर इतका घुमारा चढवलेला असतो की बोटांचं काम ऐकूच येत नाही. हा अल्बम अंगवळणी पडला की याच गटाचा 'द वेल बिलो द व्हॅली' घ्या, तोही 1973चाच. त्याचं शीर्षकगीत पुन्हा जॉन रायलीकडूनच आलेलं. त्यानंतर लनी ज्या गटात गेला त्या बॉथी बँडचा 1975चा पहिला अल्बम. तिथे वादनाचा वेग आणि जोर फार वाढतो, पण तोवर रीलचे भाग तुम्हाला ओळखू येत असतील.