भावंड शोधताना आधी आकडा, मग हाक

प्रिय,

तू दत्तक गेलेलं मूल, आणि आता आपलं भावंड शोधते आहेस की काय असं वाटणाऱ्या एका माणसाबद्दल ‘फोटोतलं नाक अगदी माझंच आहे’ असं तुझ्या पत्रात आहे. नाकावर जाऊ नकोस. अमेरिकेत जन्मानंतर काही आठवड्यांतच दोन घरी दत्तक गेलेले जुळे भाऊ, दोघांचंही नाव जिम, १९७९ साली, वयाच्या ३९व्या वर्षी भेटले. दोघांच्या आयुष्यातल्या सारखेपणाचे किस्से आजही सांगितले जातात. पण ते सारखेपण भेटीनंतर उलगडलं. शोध लागला होता तो कोर्टाच्या कागदांमुळे.

तूही कागदांपासूनच सुरुवात कर. दत्तकाचा आदेश, त्यावरचा प्रकरण क्रमांक, संस्थेचं नाव, जन्म झाला त्या रुग्णालयाची नोंद, एवढं गोळा कर. दत्तकानंतर जन्मदाखला बहुतेक ठिकाणी नव्याने बनतो, म्हणून मूळ दाखला मिळतो का ते विचार. इंग्लंड आणि वेल्समध्ये जन्मवेळ सहसा जुळ्या-तिळ्यांच्याच दाखल्यावर लिहितात. तिथे त्या एका रकान्यावरून बरंच कळतं. संस्थेला ‘माझी माहिती द्या’ असं मोघम पत्र पाठवलंस तर उत्तरही मोघमच येईल. नेमकं विचार: ही एकच प्रसूती होती की जुळ्यांची? जन्मवजन किती होतं? याच आईचं दुसरं मूल आधी किंवा नंतर तुमच्याकडे आलं का? आईवडिलांची नावं न देता या प्रश्नांची उत्तरं देता येतात, त्यामुळे नकार येण्याची शक्यता कमी. दत्तक परदेशातून झालं असेल आणि दोन्ही देशांना आंतरदेशीय दत्तकाबद्दलचा १९९३चा हेग करार लागू असेल, तर त्याच्या ३०व्या कलमानुसार मुलाच्या मूळची माहिती जपून ठेवणं यंत्रणांवर बंधनकारक आहे. अर्जात त्याचा उल्लेख कर.

मग डीएनए चाचणी. अ‍ॅन्सेस्ट्री आणि ट्वेंटीथ्री-अँड-मी या चाचणी करणाऱ्या कंपन्या दुसऱ्या कंपनीच्या निकालाची फाइल घेत नाहीत, त्यामुळे त्यांच्या नळीत लाळ द्यावीच लागते. अर्धा तास आधीपासून खाणं, पिणं, धूम्रपान बंद. लाळ रेषेपर्यंत हवी आणि वरचा फेस त्यात धरायचा नाही. नमुना वाया जातो तो बहुतेक इथेच. निकाल आला की कच्च्या माहितीची फाइल उतरवून घे आणि जेडमॅच या डीएनए-तुलनेच्या संकेतस्थळावर चढव. वेगवेगळ्या कंपन्यांमध्ये चाचणी केलेली माणसं तिथे एकत्र सापडतात. ‘नातेवाइकांना दिसू दे’ ही परवानगीही चालू आहे ना ते बघ. ती बंद ठेवून वर्षभर वाट पाहणारेही असतात.

आता आकडे. जुळणी, म्हणजे दोघांत सामाईक डीएनए किती ते, सेंटिमॉर्गन या एककात मोजतात. सख्ख्या भावंडांत ती सरासरी २६००च्या आसपास असते, एकच पालक सामाईक असेल तर १७५०च्या आसपास. एकसारख्या जुळ्याचा निकाल ‘तुम्ही स्वतः किंवा एकसारखं जुळं’ असा येतो. (आपल्या ‘सावत्र’ या शब्दात रक्ताचं आणि बिनरक्ताचं अशी दोन्ही नाती येतात. चाचणीला फक्त रक्ताचं कळतं.) घोळ होतो तो १७५०पाशी. काका, मामा, आत्या, मावशी, आजी-आजोबा, भाचरं, पुतणी, सगळ्यांचा आकडा तिथेच घुटमळतो. म्हणून आधी वयातलं अंतर बघ. मग जेडमॅचची एकास-एक तुलना लाव. तिथे हिरवे पट्टे म्हणजे आई आणि वडील अशा दोन्ही बाजूंचं जुळणं, पिवळे म्हणजे एकाच बाजूचं. सख्ख्या भावंडांत साधारण पाव भाग हिरवा दिसतो. एकच पालक सामाईक असेल तर हिरवं जवळजवळ नसतंच. सामाईक पालक कोणता हे ठरवताना माइटोकॉन्ड्रियल डीएनए (जो फक्त आईकडून येतो) वेगळा निघाला, तर आई वेगळी हे पक्कं. सारखा निघाला, तर मात्र आई एकच असं सिद्ध होत नाही, कारण दूरच्या मातृवंशातही तो तोच असतो.

आकडा हातात आला की पहिला संदेश लिहायची घाई होईल. इथे मात्र सावकाश. समोरच्या माणसाला आपण दत्तक आहोत हे ठाऊक नसेलही, त्यामुळे पहिल्या संदेशात ‘दत्तक’, ‘जुळं’, ‘ताई’, ‘दादा’ यातलं काहीच नको. पाच-सहा ओळी पुरेत: ‘चाचणीत आपलं जवळचं नातं दिसतंय. मी माझ्या कुटुंबाची माहिती शोधत आहे. तुम्हाला सोयीचं असेल तेव्हा बोलू या.’ नाव आणि संपर्क दे, फोटो नको. सार्वजनिक पोस्टखाली तर मुळीच लिहू नकोस. उत्तर नाही आलं तर तो नकारच असतो असं नाही, अनोळखी माणसाचा संदेश वेगळ्या कप्प्यात पडून राहतो. सहा आठवड्यांनी एकदा आठवण कर आणि तिथे थांब. नात्यातल्या दुसऱ्या कुणाकरवी दबाव आणू नकोस. त्यानेच बंद होणारी दारं जास्त.

उलट, कुणी आपणहून ‘मी तुझं भावंड’ म्हणत आलं आणि चाचणीआधी पैशांचा विषय काढला, तर एक रुपयाही देऊ नकोस.

भेट ठरली तर दोघांचीच, सार्वजनिक जागी, दोन तास. येण्याजाण्याची सोय ज्याची त्याने करावी. पहिल्याच वेळी मुक्काम नको आणि दोन्हीकडचं अख्खं कुटुंब तर नकोच. ज्या आईवडिलांनी तुला वाढवलं त्यांना भेटीआधी सांग, नंतर नाही. तुमच्यापैकी एक जण जन्मदात्या आईकडेच राहिला असेल, तर ‘तुलाच का ठेवलं?’ हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारू नकोस. त्याचं उत्तर त्या माणसाकडे नसतंच. घराण्यातल्या आजारांचं मात्र विचार: मधुमेह, हृदयविकार, कर्करोग, आणि कुणाला कितव्या वर्षी झाला ते.

पहिल्या काही आठवड्यांत ओढ फार तीव्र असते, कधी कधी गोंधळात टाकणारीही. तिची लाज वाटून घेऊ नकोस, पण समुपदेशकाशी बोल आणि एकांतातल्या भेटी काही काळ टाळ. नंतर बहुतेकदा ओहोटी लागते. फोन कमी होतात आणि एकाला वाटतं, दुसऱ्याला कंटाळा आला. म्हणून पहिल्या भेटीतच किती दिवसांनी बोलायचं ते ठरवून टाका. पंधरा दिवसांनी एकदा, असं काहीतरी, जे दोघांनाही वर्षभर निभावता येईल.